तुमच्या तेराव्याचा खर्च

आक्का, सवय मोडत नाही. कागद पुढ्यात घेतला की मी आधी तुमच्या तोंडाकडं बघायची. तुम्ही पदर सारखा करायच्या, घसा खाकरायच्या आणि म्हणायच्या, "लिही, धाकले." मग मी लिहायची. आज कागद पुढ्यात आहे, अर्जासाठी आणलेल्यातलाच. मेंढरांच्या जुन्या वाडग्याच्या भिंतीला तुम्ही जिथं टेकून बसायच्या, तिथं मी बसले आहे. उन्हं उतरली आहेत. बाहेर बायका भांडी घासतायत. सांगणारं मात्र कुणी नाही. तेव्हा आज माझं मीच सांगते आणि माझं मीच लिहिते. हे कुठल्या कचेरीत द्यायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही.

आज तुमचं तेरावं झालं. कसं झालं ते तुम्हाला कळायलाच हवं. भांडण तुमचं होतं आणि निस्तरायला मला लागलं.

सुप्याकडून मी या वस्तीवर नांदायला आले, तेव्हा तुम्ही थोरल्या जाऊबाई. मला तुमची भीती वाटायची. मेंढरांमागं पायी मुलूख हिंडलेली बाई, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर कालव्यापलीकडचा माणूस थांबायचा. आणि मी अशी, की दारात परका पुरुष दिसला की चुलीमागं. मला लिहिता येतं हे तुम्हाला औषधाच्या बाटलीवरून कळलं. मेंढरांच्या जंताचं औषध होतं, त्यावरचं मी हळूच वाचलं. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत राहिलात.

"कितवी शिकलीस गं?"

"चौथी."

"चौथी? आन् गप बसलीस? आमच्या घरात वकील आला आन् आमाला पत्त्या न्हाय."

तेव्हापासून घरातला कागद म्हटलं की मी. पण माझ्या अक्षराचं खरं काम तुम्ही काढलंत ते मागच्या विधानसभेनंतर.

त्या निवडणुकीचं जेवण आठवतं ना? बिरोबाच्या देवळापुढं मटण शिजत होतं आणि भाकरीसाठी घरोघर पीठ वाटलं होतं. आपल्याही ओट्यावर पिठाची पिशवी आली. मी थापायला बसले. धाकट्या सुनेनं बसायचंच असतं. तुम्ही मात्र आपल्या कणगीतल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी वेगळ्या भाजल्यात, कांदा फोडलात आणि सारी वस्ती पंगतीत बसलेली असताना देवळाच्या पायरीवर एकट्या जेवलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाढणाऱ्यांनी पंगतीतल्या एकेकाच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला आणि ध्यानात ठेवा म्हणाले. साऱ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

घरी येताना मी धीर करून विचारलं, "आक्का, असं वागलात, लोक काय म्हणतील?"

"तू कुणाला मत देनार?"

"ज्याचं खाल्लं त्याला. खाल्ल्या मिठाला जागाय नगं?"

"म्हनून तर म्या खाल्लं न्हाय," तुम्ही म्हणालात. आणि मग ते मेंढराचं सांगितलंत. बाजाराच्या आदल्या दिवशी आपण मेंढराला मीठ चाटवतो. त्याला तहान लागते, ते पाणी पिऊन पिऊन तट्ट फुगतं, आणि बाजारात त्याला भाव चांगला येतो. "मेंढरू बिचारं मिठाला जागतं," तुम्ही म्हणालात. "भाव कुनाला मिळतो गं? मेंढराला?"

तरी मी शिक्का त्यांनाच मारला. आक्का, आजही मला ते चुकलं असं वाटत नाही. खाऊन फिरणारा माणूस मला आवडत नाही. यावर आपलं कधीच एकमत झालं नाही, आणि आता व्हायचंही नाही.

पण पुढचं झालं ते मलाही लागलं. पाटाचं पाणी आपल्या टोकापर्यंत यायचं बंद झालं. ज्यांचं जेवलो त्यांच्या कचेरीत आपण बायका मिळून विचारायला गेलो. तुम्ही पुढं, मी साऱ्यांच्या मागं. तिथं बसलेला माणूस पान जुळवत होता. त्यानं तुमचं सारं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, वस्ती जेवली ना? जेवान झालं, इडा झाला. आता कसलं मागनं?"

वाडग्यात शिरल्यावर मला म्हणालात, "त्यांनी जेवनातच सारं फेडून टाकलं, धाकले. आपलं काई शिल्लकच ठेवलं न्हाय." आणि मग, "कागद आन."

निवडणुकीचा खर्च कुणी किती केला ते आम्हाला सांगा, या पहिल्या अर्जावर आपण किती भांडलो. मी लिहिलं, नम्र विनंती. तुम्ही वाचून दाखवायला लावलंत आणि म्हणालात, "इनंती नगं. मागनी लिही."

"आक्का, सायबाला असंच लिवत्यात."

"साहेब माजा जावई हाय का, पाया पडाय?"

शेवटी मी दोन्ही लिहिलं, विनंतीपूर्वक मागणी. तुम्ही म्हणालात, हे म्हणजे ताकात दूध घातलं. पण अंगठा उठवलात.

इंदापूरच्या कचेरीत तो तरणा साहेब बरा होता, नाही? बसा म्हणाला तरी. त्यानं समजावलं की उमेदवाराला खर्चाचा हिशेब सरकारला द्यावाच लागतो, निकाल लागल्यावर देतात.

"निकाल लागल्यावर?" तुम्ही म्हणालात. "म्हंजी लगीन लागल्यावर नवरा दाखवायचा?"

कारकून तोंडावर फाईल धरून हसला. साहेबही हसला, पण नंतर पेन ठेवून नीट बसला. "आजी, तुमचं म्हणणं काय आहे?"

"त्यो कागद आमच्या चावडीत वाचून दाखवा. मतदानाच्या आदी. जिपा किती फिरवल्या, जेवनं किती घातली, पैका कुनी दिला. दोन्ही अंगाच्या उमेदवारांचा. आमी ऐकतो. आमच्या डोळ्यांनी बगितलेलं आन् कागदावरचं जुळतंय का, ते आमीच सांगतो."

"कायद्यात तशी तरतूद नाही, आजी."

"मंग करा की. तरतूद काय आभाळातनं पडती व्हय?"

त्यानं अर्ज ठेवून घेतला, पोच दिली, आणि सांगितलं की एका अर्जानं हलणार नाही, गावोगावचे येऊ द्या. तुम्हाला तेवढं पुरलं. कळस गाव झालं, डाळज झालं, वाटेतल्या वस्त्या झाल्या. तुम्ही बोलायच्या, मी शाईचा डबा धरून मागं उभी. अंगठा उठवून घ्यायचा, खाली नाव लिहायचं. डाळजला रस्त्याकडेच्या हॉटेलात बसलेला एक जण म्हणाला, "म्हातारे, लोकांची जेवनं बंद कराय निघालीस, तुज्या घरी उपाशी हायती काय?" तुम्ही म्हणालात, "उपाशी न्हाईत. म्हनून तर तोंड उगडता येतंय." मला ते फार आवडलं होतं. सांगितलं नाही तेव्हा. तुमचं कौतुक करायची माझी रीतच नव्हती. आता सांगते.

मग यंदाची निवडणूक आली. सरकारनं नियम कडक केले, कॅमेरावाले फिरायला लागले, उघडं जेवण घातलं की धरतात असं कळलं. तर आपल्या लोकांनी काय केलं? बारशी सुरू झाली. जावळं सुरू झाली. ज्यांना घर बांधून दहा पावसाळे झाले, त्यांनी वास्तुशांत घातली. तुम्ही हसून हसून सांगत होता, "शाळंत जानाऱ्या पोराचं बारसं झालं. त्यानंच पावन्यांना पाट मांडले."

हे सारं आपल्याकडं जुळवत होते ते विठ्ठलतात्या. आपल्या भावकीतलेच. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात चालत नाही, आणि तुम्हीही त्यांना कधी घालूनपाडून बोलला नाहीत. तुमच्या भानुदासची बायको बाळंतपणात अडली तेव्हा प्रचाराची जीप त्यांनीच दारात आणली. सून आणि नात दोघी वाचल्या. तुम्ही तेव्हा त्यांच्या हातात स्वतः चहा दिलात. तात्या म्हणाले, "आक्का, आता तरी मत आमाला." तुम्ही म्हणालात, "उपकार जल्मभर मानीन. च्या रोज पी. मत न्हाय." ते हसले. असा तुमचा दोघांचा व्यवहार.

पण भानुदासचं काय? पोटचा तो तुमचा, पण आंघोळी मी घातल्या, शाळेत मी सोडला. हंगामाला कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो आणि कायम होण्याची वाट बघतो. यंदा होईल, असं तात्यांनीच सांगितलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, बारशांचा अर्ज लिही. कुणाच्या घरी, कुणी घातलं, सगळं.

त्या दुपारी मी पहिल्यांदा तुमच्यावर आवाज चढवला. "आक्का, अंगठा तुमचा, पन अक्षर माजं. उद्या पोराची भाकरी गेली तर ती माज्या अक्षरानं गेली."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. रागानं नाही. तेच मला अजून छळतं, की रागानं नाही. मग म्हणालात, "मंग नगं लिहू."

दुसऱ्या दिवशी तुम्ही गवताचा भारा घेऊन बांधावर बसलात त्या उठलाच नाहीत. "मंग नगं लिहू" एवढ्यावर आपलं बोलणं थांबलं. यावर मी काहीतरी म्हणणार होते. काय, ते मला अजून जुळवता आलेलं नाही.

दहाव्याला नदीकाठी सगळे जमलो. पिंड ठेवला आणि कावळा बाभळीवर बसून राहिला. भानुदास म्हणाला, आई, धाकट्या लेकीला शिकवीन. कावळा हलला नाही. आमचे हे म्हणाले, वयनी, तुमच्या वाटणीचा बांध कोरणार न्हाय. कावळ्यानं चोच पंखात घातली. ऊन वर आलं, माणसं कुजबुजायला लागली. माझ्या ओठाशी आलं होतं की आक्का, तुमचा बारशांचा अर्ज लिहीन. पण एवढ्या माणसांत, पुरुषांत. मी पदर तोंडात धरून मनातल्या मनात म्हणाले. आणि नेमकं तेव्हाच विठ्ठलतात्या पुढं झाले, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आक्का, तुज्या तेराव्याला सारी वस्ती पोटभर जेवंल."

आणि कावळा आला.

त्या कावळ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आक्का. सारे मोकळे झाले. कुणी म्हणालं, बघा, आक्काला मान्य हाय. कुणी म्हणालं, जल्मभर नाही म्हनली, पन आता सुटली त्यातनं. तो माझ्या मनातल्या बोलण्याला आला की तात्यांच्या, हे कावळ्याला विचारता येत नाही.

घरी आल्यावर तात्या ओट्यावर बसले आणि सरळ बोलले. लपवायचा त्यांचा स्वभाव नाही. "भानुदास, तू कशाची काळजी करू नगं. आचारी येईल, बुंदी येईल, मांडव येईल. पिठं घरोघर आजच टाकतो. उमेदवार सोता येऊन हात जोडून जातील, लई बोलनार न्हाईत. बारशाला क्यामेरा येतो, जावळाला येतो. तेराव्याला कोन येतंय? मयताचं जेवान सरकार बी खर्चात धरत न्हाय."

भानुदास खाली बघत होता. आमचे हे म्हणाले, "तात्या, तुमी म्हनाल तसं. आक्काचं मोठं झालं तर चांगलंच."

मी दाराच्या आत होते. माझ्या डोक्यात एकच येत होतं. मतदान तेराव्यानंतर दोनच दिवसांवर. तुम्ही ज्या पंगतीपासून लांब देवळाच्या पायरीवर बसलात, ती पंगत आता तुमच्या नावानं बसणार. तुमच्या फोटोपुढं भंडारा लावणार. ध्यानात ठेवा म्हणणार. आणि तुम्हाला या वेळी उठून जाता येणार नाही.

"तात्या." मी चौकटीतून बोलले. आवाज माझा आहे हे मला नंतर कळलं. "कावळा शिवला त्यो कशाला शिवला?"

आमचे हे म्हणाले, "तू आत जा."

तात्या म्हणाले, "बोलू द्या की. सारी वस्ती पोटभर जेवंल म्हनलो, त्याला शिवला, वयनी."

"व्हय. सारी वस्ती जेवंल. खर्च कुनाचा, ते कावळ्यानं सांगितलं न्हाय."

तात्यांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "वयनी, तुमी बोलता व्हय? मला वाटायचं आक्काच्या दोन जिभा हायत्या, एक तुमची."

मग मी बाकीचं बोलून टाकलं. एकदा थांबले असते तर परत सुरू झाले नसते. माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी आपल्या घरची भाकरी-पिठलं आणतात, तो कडू घास. तेराव्याला गोड करून तो सोडायचा. मी म्हणाले, "आमच्या घरात गोड व्हनार न्हाय. आक्काचा कडू घास अजून सुटला न्हाय. तेराव्याला बी ज्यानं त्यानं आपल्या घरची भाकरी घिऊन यावं आन् हितं बसून खावी. वस्ती बी जेवंल, कावळ्याचा शब्द बी राहील."

"कडू घास तेराव्याला? कुटं बगितलंय का असं?"

"आता बगाल."

तात्यांचं हसू गेलं. उठता उठता ते भानुदासकडं बघून, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "काकीनं तुजं काम अवगड केलं रं." आणि गेले. भानुदास माझ्याकडं न बघता उठून गेला. आमचे हे रात्री जेवले नाहीत. आणि पिठाच्या पिशव्या घरोघर जाऊन पडायच्या त्या पडल्याच.

मग मी वस्तीवर घरोघर गेले. मी, आक्का. तुम्ही पुढं नसताना. प्रत्येक दारात मी आधी पदर सारखा करायची, मग बोलायची. बायका ऐकून घ्यायच्या आणि पिठाच्या पिशवीकडं बघायच्या. कोपऱ्यातल्या घरची म्हातारी म्हणाली, "बुंदीचा वास नाकापतुर आलता गं. मेल्यावर बी जेवू दिना बाई ही आक्का." तिच्या सुना हसल्या, मीही हसले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. पण गिरणीजवळच्या घरात हसायचं काही नव्हतं. तिथल्या लेकीचे दिवस भरत आलेत. तिची आई म्हणाली, "तात्या रुसला तर जीप कोन दील? आक्का यील का वरनं?"

याला तुमच्याकडं उत्तर असतं का? मला वाटतं, नसतं. मी "बघा" एवढंच म्हणाले आणि पुढच्या दारात गेले.

आज सकाळी विधी उरकला. अंगणात सतरंज्या टाकल्या. चौरंगावर तुमचा फोटो ठेवायचा तर घरात फोटोच नाही. सापडला तो मतदानाच्या कार्डावरचा. तेच कार्ड ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. फोटोवाल्यानं पदर मागं घ्या म्हटलं म्हणून तुम्ही चिडला होता, ते त्यात जसंच्या तसं उतरलं आहे. बाकी काही म्हणा, पण सतरंजीवर कोण बसतंय हे बघायला तोच चेहरा पाहिजे होता.

आणि कुणी आलं नाही.

ऊन अंगणात आलं, सतरंजीवर आलं. रस्त्याच्या पलीकडं तात्यांच्या मळ्यात मांडव दिसत होता, धूर दिसत होता. आचारी आला होता. त्यांनी तिथंच लावलं होतं, वस्ती इकडं आली नाही तर तिकडं जाईल म्हणून. भानुदास ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. आमचे हे म्हणाले, "झालं समाधान?" मी तुमच्या कार्डाकडं बघितलं. वाटलं, हात धरून विचारावं, पुढं काय करायचं सांगा की. लिही म्हणा, बोल म्हणा, काहीतरी म्हणा.

पहिलं माणूस आलं ते तात्यांच्या घरातनंच. सोनाबाई, तात्यांची कारभारीण. फडक्यात भाकरी, वर वाटीत पिठलं. कार्डापुढं वाकली, सतरंजीवर बसली.

मी म्हणाले, "सोनाबाई, तात्यांना चालंल का?"

"त्यांस्नी बी हितंच आनते. मळ्यात आचाऱ्याच्या हातचं खाऊन मला ह्या बाईच्या फोटोम्होरनं रोज जायाचं हाय व्हय? बगा कशी बगती."

मग कोपऱ्यातली म्हातारी आली, सुनांना घेऊन. मग एक एक घर. कुणाची ज्वारीची, कुणाची बाजरीची, कुणाची करपलेली, एकीची तर चक्क चपाती. मी तोंडावर पदर घेऊन वाढत राहिले. वाढायला काय, पाणी तेवढं आपलं होतं. वस्तीतली सगळी घरं आली नाहीत. खोटं कशाला सांगू. काही मळ्यात गेली. गिरणीजवळच्या घरचे दोन्हीकडं आले नाहीत, दार लावून बसले. पण सतरंज्या भरल्या. आणि शेवटी, चपला बाहेर काढून, विठ्ठलतात्या आले. सोनाबाईंनी सरकून जागा केली.

तेवढ्यात सरकारी जीप आली. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी तक्रार केली होती की तेराव्याच्या नावाखाली जेवण आहे. खाली उतरला तो इंदापूरचाच तरणा साहेब, मागं खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस. पंगत जिथल्या तिथं थबकली. साहेबानं चौरंगावरचं कार्ड बघितलं, जवळ गेला, वाकून बघितलं. त्यानं तुम्हाला ओळखलं, आक्का. टोपी काढली. मग वळून, पण हळू आवाजात, विचारलं, "जेवणाचा खर्च कुणी केला?"

पुरुष तात्यांकडं बघायला लागले. तात्या भाकरीकडं. भानुदासनं मान वर केली. साहेबानं परत विचारलं आणि कॅमेरा फिरायला लागला, एकेका फडक्यावरून, एकेका भाकरीवरून, आणि माझ्यावर येऊन थांबला.

मी पदर खाली घेतला. "ज्यानं त्यानं," मी म्हणाले. "आपापला."

साहेबानं ते लिहून घेतलं. मला अजून एक वाटलं ते मी विचारलं, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "पलीकडच्या मळ्यात बी विचारनार का?"

"विचारणार," तो म्हणाला.

तात्यांनी घास तोंडाशी नेला होता तो तसाच थांबला. मग खाल्ला. म्हातारी साहेबाला म्हणाली, बसा दोन घास. तो म्हणाला, कामावर आहे, खाता येत नाही. म्हातारी म्हणाली, "खरंय बाबा, मीठ लागंल." तुम्ही असता तर त्याच्या पाठीवर हात फिरवला असता.

मळ्यात काय लिहून घेतलं ते मला माहीत नाही. खर्च कुणाच्या नावावर पडेल, की कुणाच्याच पडणार नाही, हेही नाही. तात्या जाताना म्हणाले, "वयनी, भाकरी चांगली व्हती. पन हे तुमी बरं केलं न्हाय." मी म्हणाले, "तात्या, च्या प्यायला येत जा." माझ्या तोंडून तुमचंच आलं.

आक्का, मिठाचं माझं मत अजून तेच आहे. ज्याचं खाल्लं त्याला जागावं. आज मी सतरंजीवरच्या प्रत्येक घरातला एक तुकडा खाल्ला, सोनाबाईंच्या घरचासुद्धा. मग परवा शिक्का कुणासाठी मारायचा, याचा विचार मला आता नीट करायला लागणार. तेवढ्यापुरतं तुम्ही जिंकलात म्हणा. पण तेवढ्यापुरतंच.

आता भांडी आवाज करायची थांबली. भानुदास मघाशी येऊन या भिंतीशी उभा राहिला होता. माझ्या हातातल्या कागदाकडं बघत. मी कागद झाकला नाही. तो म्हणाला, "इंदापूरला जायाचं आसंल तर ट्रॅक्टर बिक्टर मिळायचा न्हाय. सकाळच्या यष्टीनं जा." आणि गेला.

तुम्ही म्हणाला होता, मंग नगं लिहू. जन्मभर तुमचं ऐकलं, आक्का. हे एक ऐकणार नाही. कोरे कागद अजून आहेत, आणि वर काय लिहायचं यावरून भांडायला आता कुणी नाही. मागणी लिहिते.